चूल कोणी पेटवली?

रानातल्या मुक्कामाचं पुस्तक हातात आलं की मी आधी स्वयंपाक कोण करतं ते शोधते. लेखक पहाटे उठून पाखरं बघायला जातो, उन्हं चढल्यावर परत येतो, तोवर भात शिजलेला असतो. कंदिलाची काच पुसलेली असते. कुणी पुसली? ज्या पुस्तकात हे सापडतं त्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो. घरात बसणाऱ्या बाईची खोड आहे म्हणाल, तर म्हणा. आपल्यात मुनिमहाराजांचा विहार निघतो तेव्हा चौका घेऊन कोण धावतं, पहाटे विहिरीवर पाणी गाळून कोण घेतं, हे आपल्याला काय वेगळं सांगायचं? एकट्याची म्हणून जी वाट असते, तिच्यावर किती जणींचे हात राबतात!

मराठीत या बाबतीत आपण तसे नशीबवान. एके काळचे शिकारी व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात वही घेऊन बसले आणि मला त्यांच्या शिकारकथांपेक्षा तो मुक्काम कितीतरी जवळचा वाटला. पण जास्त बोलायचंय ते मारुती चितमपल्लींबद्दल. सोलापूरचा हा माणूस वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधच्या तळ्याकाठी रमला. ते तळंही आपोआप झालेलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यानं टेकड्यांच्या मधे बांध घालून पाणी अडवलं. म्हणजे आपण ज्याला रान म्हणतो, त्याला आधीच माणसाचा हात लागलेला. तिकडे झाडाचा बुंधा कोरून होडी करतात, तिला डोंगा म्हणतात. आपल्या वेदगंगा-दूधगंगेला पूर आला की गुळाची काहील पाण्यात सोडून माणसं पैल जायची, तसंच ते. असेल त्या वस्तूनं पाणी ओलांडायचं.

चितमपल्लींचं मोठेपण मला त्यांच्या शब्दांत दिसतं. बगळे-करकोचे एकत्र घरटी करतात त्या जागेला त्यांनी सारंगागार म्हटलं, कावळ्यांच्या वस्तीला काकागार. पाखरांची, माशांची, झाडांची नावं त्यांनी रानातल्या माणसांकडून, माधवराव पाटलांसारख्या जाणकारांकडून, मासे धरणाऱ्या ढीवरांकडून वेचली. आणि कुणाकडून काय मिळालं हे सांगायला ते सहसा कचरत नाहीत. रानाची पहिली ओळख ज्यांनी करून दिली त्यांत त्यांनी आपल्या आईलाही बसवलंय. इतकं मोकळेपणानं मान्य करणारे लेखक थोडेच.

तरीही माझी एक तक्रार आहे. ढीवर डोंगा वल्हवतो, माशाचं नाव सांगतो आणि लेखकाचं लक्ष पुन्हा पाण्याकडे जातं. त्या माणसाला तळं कसं दिसतं? त्याची बायको टोपली घेऊन बाजारात बसत असेल, तिला पाखरांबद्दल काय वाटतं? तिचं बोलणं मला या साऱ्या लिखाणात फार थोडं भेटतं. जाळी, मासे हे वाचताना माझं मन आखडतं, ते खोटं कशाला सांगू. पण न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचं जगणं ऐकूच नये असं कुठे आहे? शिवाय 2013 साली नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. अशा जागी कुणाचं बोलणं कागदावर राहिलं आणि कुणाचं नाही, हा नुसता साहित्यातला प्रश्न उरत नाही.

हे कसं लिहिता येतं ते मला एका अगदी लांबच्या पुस्तकात दिसलं. कॅनडाच्या ईशान्येला लॅब्राडोर म्हणून थंड, विरळ वस्तीचा मुलूख आहे. तिथे कॅनू म्हणजे डोंग्यासारखीच अरुंद होडी, पण हलकी. धबधबा आडवा आला की ती डोक्या-खांद्यावर घेऊन सामानासकट चालायचं आणि पुढे पुन्हा पाण्यात सोडायची. 1903 साली लिओनिडस हबर्ड हा पत्रकार तिथे गेला, नदी चुकला आणि भुकेनं तंबूतच मेला. त्याच्याबरोबरचा वाटाड्या जॉर्ज एल्सन मदत आणायला चालत गेला म्हणून तिसरा सोबती तेवढा वाचला.

दोन वर्षांनी हबर्डची बायको मिना, पेशानं परिचारिका, त्याच एल्सनला घेऊन निघाली. चार पुरुष, दोन कॅनू आणि ती. 27 जूनला निघून 27 ऑगस्टला ती उत्तरेच्या उंगावा उपसागराकाठच्या ठाण्यावर पोचली, सुमारे सव्वानऊशे किलोमीटर. तो वाचलेला सोबतीही वेगळी तुकडी घेऊन त्याच दिवशी निघाला होता, तो जवळजवळ सात आठवडे मागं राहिला. त्या चढाओढीबद्दल आपल्या प्रवासाच्या कथनात मिना गप्प आहे. ही गप्प बसायची रीत आपण ओळखतो, नाही का?

तिचं पुस्तक 1908 सालचं. गंमत म्हणजे वल्हं मारायला तिला फारसं कुणी देत नाही. एकदा ती कुणाला न सांगता टेकडीवर गेली तर पुरुषांचा जीव टांगणीला लागला. बाई हरवली तर आपण कुठल्या तोंडानं परत जायचं, ही त्यांची काळजी. एवढ्या मोठ्या रानात तिला एकटं हिंडायला मिळत नाही हे वाचून मला हसू आलं. मग हसू थांबलं. त्यांना तिच्याबद्दल माया होती, पण तिच्या पायात घुटमळणारी तीच होती. मिनानं दोन्ही लिहिलंय, कुरकुर न करता.

वाटेत तिला तिथल्या आदिवासींचा एक तळ लागतो. पुरुष व्यापाराला समुद्राकाठी गेलेले, तळावर बायका आणि मुलं. त्या आधी घाबरून ओरडतात, मग ओळख होते. इथे मला वाटलं होतं, आता बाई बाईशी बोलेल. पण तिला पुढे जायची घाई आहे. भाषाही मधे येते. थोड्या वेळात होड्या निघतात. माझी इथे निराशा झाली.

तरी एका गोष्टीसाठी मी हे पुस्तक वर ठेवते. मागच्या बाजूला तिनं नवऱ्याची रोजनिशी छापली आहे आणि तिच्याबरोबर जॉर्ज एल्सनचं निवेदन. पहिल्या प्रवासात भूक कशी होती, शेवटच्या दिवसांत कोण काय बोललं, हे वाटाड्यानं त्याच्या स्वतःच्या बोलीत सांगितलंय. ते सफाईदार नाही. पण वल्हं ज्याच्या हातात होतं तो माणूस तिथे बोलतो, आणि वाचताना अंगावर काटा येतो तो त्याच पानांवर.

नवेगावच्या तळ्याचं असं एखादं पान, डोंगा वल्हवणाऱ्याच्या किंवा त्याच्या घरच्या बाईच्या तोंडचं, मी अजून शोधते आहे. तुमच्यापैकी कुणाकडे असलं तर वाचायला द्या. कव्हर घालून परत करीन.