तीन स्पायडर-मॅन, एक धागा



आमच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज फिरत असताना दोन विषयांवर हमखास वाद होतात. एक, चहाचे पैसे कोणी द्यायचे. दोन, खरा स्पायडर-मॅन कोणता: टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड की टॉम हॉलंड? पहिला वाद निदान मिटतो तरी.

दुसरा मिटत नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. ‘सगळ्यात चांगला कोणता’ हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. हे मला माझ्या पहिल्या प्रोग्रेस सेमिनारमध्ये कळलं. मी तीन पद्धतींची तुलना करणारा भलामोठा तक्ता लावला होता. कमिटीतले एक सर शांतपणे म्हणाले, "तक्ता छान आहे, पण मोजलंय काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आज तीच तुलना सिनेमांवर, नीट करून बघू.

आधी समान काय ते बघा. पीटर पार्कर, न्यूयॉर्कमधला हुशार विद्यार्थी, आई-वडील नाहीत, मावशीवजा मे काकू आहे, कोळी चावलाय. आता बदलणारी एकच गोष्ट पकडायची. मी पकडली ती मनगटातून सुटणारा धागा. हा धागा येतो कुठून, आणि चूक झाली की किंमत कोण मोजतं?

1962 साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या पहिल्याच कॉमिक गोष्टीत पीटरने धाग्याचा द्रव आणि तो फेकायचं यंत्र दोन्ही स्वतः बनवलं होतं. कोळ्याने फक्त ताकद दिली, धागा अभ्यासातून आला. हा झाला आपला कंट्रोल.

सॅम रायमीच्या 2002 च्या सिनेमात धागा थेट शरीरातून निघतो. म्हणजे क्षमता उपजत. पण 2004 च्या दुसऱ्या भागात हाच धागा इमारतींच्या मधोमध दगा देतो. डॉक्टरला शरीरात काही दोष सापडत नाही. दोष दिसतो तो पीटरच्या दिवसात. पिझ्झा पोहोचवायची नोकरी गेलेली, भाडं थकलेलं, लेक्चरला उशीर आणि प्राध्यापक कॉनर्स वैतागलेले. फेलोशिप रखडल्यावर साधं पिपेटिंग चुकायला लागतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना हा सिनेमा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

याच सिनेमात माझा सगळ्यात आवडता प्रसंग आहे. ऑटो ऑक्टेव्हियसच्या घरी जेवणाच्या टेबलावर पीटर त्याला विचारतो, की ही फ्यूजन प्रक्रिया स्थिर राहील याची खात्री आहे का? ऑटो दुखावतो. आयुष्यभराचं काम आहे, चुकीचे परिणाम मला ठाऊक नाहीत का, असा त्याचा सूर असतो. पुढे प्रयोग हाताबाहेर जातो, बायकोचा जीव जातो, आणि शेवटी तो स्वतःच ते यंत्र नदीत बुडवून त्याच्याबरोबर जातो. प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला होता. तो ऐकून घेतला गेला नाही, इतकीच चूक.

आता मार्क वेबचा 2012 चा सिनेमा. इथे मनगटावरचं यंत्र पीटर स्वतः जोडतो, पण आतला धागा ऑस्कॉर्प कंपनीचा, तयार माल. अर्धं आपलं, अर्धं विकतचं. आपल्या बहुतेकांचं संशोधन असंच चालतं, त्यात काही वावगं नाही. गडबड दुसरीकडे होते. वडिलांच्या जुन्या बॅगेत सापडलेलं समीकरण पीटर डॉ. कॉनर्सना देतो. त्याच्या जोरावर तीन पायांच्या उंदराला चौथा पाय उगवतो. एक उंदीर, एक आनंदाची बातमी! लगेच कंपनीचा डॉ. राठा (इरफान खान) माणसांवर चाचण्या करायची घाई करतो. कॉनर्स नकार देतो, नोकरी जाते, आणि मग तो स्वतःलाच इंजेक्शन टोचून घेतो. तो सरडा होतो, आणि मागे लॅबमध्ये तो उंदीरही विचित्र रूप घेतो. उंदराला थोडे दिवस जास्त पाहिलं असतं तर सिनेमाच झाला नसता.

इथे माझं थोडं व्यक्तिगत आहे. दुसऱ्या वर्षी मी एका सीनियरच्या वहीतला बफरचा आकडा न तपासता वापरला. वही नीटनेटकी होती, अक्षर सुंदर होतं. चार महिन्यांचा डेटा गेला. दोष वहीचा नव्हता, माझा होता. म्हणून या सिनेमावर माझा राग आहे: न तपासलेलं समीकरण पुढे देणाऱ्याची जबाबदारी किती, हा तिन्ही मालिकांतला सगळ्यात मोलाचा प्रश्न त्याच्या हातात होता. पीटरला आपली चूक कळतेही. पण सिनेमा तो प्रश्न सरड्याच्या पाठलागात आणि एका उताऱ्यात संपवून टाकतो.

जॉन वॉट्सच्या 2017 च्या सिनेमात पीटर पुन्हा स्वतः द्रव बनवतो, तोही शाळेच्या रसायनशास्त्राच्या तासाला, ड्रॉवरमध्ये लपवून. पण अंगावरचा सूट टोनी स्टार्कने दिलेला. फेरीबोट दुभंगते तेव्हा निस्तरायला स्टार्कच येतो, आणि मग सूट काढून घेतो. नंतर ढिगाऱ्याखाली अडकलेला पीटर घरच्या कपड्यांतल्या वेशात, एकट्याच्या बळावर बाहेर येतो. मोठ्या लॅबमधून बाहेर पडून स्वतःचं काम सुरू करणाऱ्याला हा प्रसंग चांगलाच कळेल. तक्रार एकच: या पीटरची चूक बराच काळ दुसरं कोणीतरी भरून काढतं.

2021 मध्ये तिघे एकत्र येतात. मॅग्वायरचा धागा शरीरातून येतो हे कळल्यावर बाकी दोघांचे चेहरे बघण्यासारखे आहेत. मग शाळेच्या लॅबमध्ये तिघे मिळून खलनायकांवर उतारे बनवतात. गारफिल्डने कॉनर्सला आधी एकदा बरं केलेलं असतं, त्यामुळे तो निवांत असतो. आधी केलेलं काम पुन्हा उपयोगी पडतं, ते असं. शेवटी हॉलंडच्या पीटरला सगळं जग विसरतं. तो भाड्याच्या खोलीत शिलाई मशीनवर स्वतःचा सूट शिवतो. म्हणजे किंमत अखेर तोही मोजतो, फक्त उशिरा.

आता मर्यादा, कारण त्या न लिहिता निष्कर्ष काढायचा नसतो. स्टार्क कथेत आला तो फक्त दिग्दर्शकाला वाटलं म्हणून नाही, 2015 मध्ये सोनी आणि मार्व्हल यांच्यात करार झाला म्हणूनही. दुसरं, रायमीचा मी दुसरा भाग निवडला. 2007 चा तिसरा घेतला असता तर माझं कौतुक बरंच ओसरलं असतं. नमुना कसा निवडला, हे लपवू नका.

माझा निष्कर्ष: धाग्याच्या प्रश्नावर 2017 चा सिनेमा सरस, चुकीच्या किमतीवर 2004 चा. एकच विजेता हवा असेल तर तुम्हाला निकाल नकोय, वाद हवाय.

गृहपाठ म्हणून बॅटमॅन घ्या: 1989, 2005 आणि 2022. तक्ता करण्याआधी एकच प्रश्न कागदावर लिहा. नाही सुचला तर सिनेमे परत बघा. सिनॉप्सिसच्या बाबतीतही हेच करायचं असतं, फक्त तिथे पॉपकॉर्न नसतात.