आराखड्यातला रिकामा रकाना

साहित्याचा अध्यापक म्हणून मी कथा-कवितांची समीक्षा करतो. परंतु आपल्या मुलांचे आयुष्य ज्या लेखनाने ठरते, ते समीक्षेच्या बाहेरच राहिले आहे. विद्यापीठाचा बृहत् आराखडा हे असे लेखन होय. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा आराखडा करावा लागतो. नवे महाविद्यालय कोठे निघावे, ते त्यात ठरते. सोयींचे समन्यायी वाटप व्हावे, ही त्यामागची भूमिका. भूमिका निर्दोष आहे. पण संहिता काय बोलते याबरोबरच ती कशाविषयी गप्प राहते, हेही तपासावे लागते. आराखडा ठिकाण सांगतो. पैसा कोण देणार, यावर मात्र तो गप्प आहे.

मी कौंडण्यपूरचा. रुक्मिणीचे माहेर म्हणून या गावाचा गौरव होतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. गावाला लागून वर्धा नदी वाहते. अलीकडे अमरावती जिल्हा आणि 1983 साली स्थापन झालेले अमरावतीचे विद्यापीठ. पलीकडे वर्धा जिल्हा आणि नागपूरचे विद्यापीठ. माणसे कामासाठी तिवशाला जातात तशी नदी ओलांडून आर्वीलाही जातात. आराखडा मात्र नदीकाठी थांबतो.

आता पैशाचे पाहू. नव्या महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण शासनाने 2001 पासून स्वीकारले. म्हणजे मान्यता शासनाची, खर्च संस्थेचा. संस्था हा खर्च कोठून भागविते? शुल्कातून. आणि जेथे शुल्क भरण्याची ऐपतच नाही, तेथे ते येते मागासवर्गीय विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीतून. 1944 साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती मुलाला उभे करण्यासाठी. आज तिच्यावर महाविद्यालये उभी आहेत.

मी शिकत असताना वर्ष संपत आले तरी शिष्यवृत्ती आली नव्हती. शुल्क बाकी म्हणून माझा परीक्षेचा अर्ज अडविला गेला. तेव्हा वडील म्हणाले, “पैसा तुया नावाचा, मंग तुलेच काऊन अडवते?” वडील शाळेत गेले नव्हते. तरी आराखडा ज्या प्रश्नावर गप्प राहतो, तोच त्यांनी विचारला.

कोणी म्हणेल, विनाअनुदान धोरण नसते तर खेड्यापाड्यांत ही महाविद्यालये निघालीच नसती. हे बऱ्याच अंशी खरे आहे. मीही अशाच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवितो. सुधारणेची खरी अडचण येथेच आहे. शासनाला वेतनाचा बोजा नको, संस्थेला हिशेब नको, आणि आम्हा अध्यापकांना आहे ती तासिका जाण्याचे भय. या तिघांच्या मौनाची किंमत विद्यार्थी मोजतो.

1927 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की सरकारी कला महाविद्यालयाचा सुमारे 36 टक्के खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघतो. याला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. 36 टक्क्यांना हे नाव, तर सगळाच खर्च शुल्कावर टाकणाऱ्या व्यवस्थेला आपण कोणते नाव देणार?

म्हणून आराखड्यात प्रत्येक ठिकाणापुढे पैशाचा रकाना असला पाहिजे: अध्यापकांची पदे किती, वेतन कोण देणार, मुलींचे वसतिगृह कोण बांधणार. हा रकाना भरल्याशिवाय ठिकाण जाहीर होऊ नये. सीमेवरच्या गावांचा विचार दोन्ही विद्यापीठांनी एकत्र करावा. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी असावी, संस्था चालविण्यासाठी नव्हे.

थकलेल्या शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढतो. ते काढलेच पाहिजेत. पण शिष्यवृत्ती थकल्यावर रस्त्यावर येण्याआधी, आराखडा तयार होत असतानाच आपण तो वाचला पाहिजे, त्यावर लेखी हरकती घेतल्या पाहिजेत. आपल्याविषयी जे लिहिले जाते ते वाचण्यासाठीच तर आपण अक्षर शिकलो.