ब्रेक गाडीचा, क्लच आपला

होंडा सिटीच्या २०२३ च्या आवृत्तीत मॅन्युअल गिअरच्या गाडीलाही अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल मिळाला. समोरच्या गाडीनुसार वेग कमी-जास्त करणारी सोय ऑटोमॅटिकवाल्यांपुरती राहिली नाही, हे आम्हाला आवडलंच. तक्रार पुढे आहे.

नाशिक महामार्गावर पडघ्याच्या आसपास रस्ता मोकळा असला की काम झकास. वेग ८०, गिअर पाचवा, उजव्या पायाला विसावा. तशीच गाडी भिवंडीकडे, रांजणोली-माणकोलीला आणा. गोदामातून निघालेला कंटेनर आडवा येतो. गाडी स्वतः ब्रेक लावते, वेग ४० वर. गिअर मात्र पाचवाच! क्लच दाबून तिसरा टाकायचा आपणच. नाही टाकला तर इंजिन धडधडायला लागतं. आणि साधारण ३० च्या खाली यंत्रणा बीप करून हात वर करते. म्हणजे विसावलेला पाय नेमका तेव्हाच ब्रेकवर हवा, जेव्हा आपण बेसावध असतो. ऑटोमॅटिक गाडी निदान थांबेपर्यंत सोबत करते (सगळ्या नाही हं).

त्यात आपण राखलेल्या अंतरात टेम्पो घुसतोच. की पुन्हा ब्रेक, पुन्हा क्लच.

आम्ही तर रांजणोलीच्या बऱ्याच अलीकडे ते बटण बंद करतो. शोरूममध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं.