इयत्तावार वाचन-उपक्रम : प्राथमिक शालेय ग्रंथालयाच्या संदर्भात

प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयातील वाचन-उपक्रमांची वाटणी इयत्तेनुसार करण्याची पद्धत रूढ आहे. पहिली-दुसरीस चित्रवाचन व अनुवाचन, तिसरीस प्रकटवाचन, चौथी-पाचवीस मूकवाचन व त्यानंतर सारांशलेखन, अशी ही मांडणी सामान्यतः आढळते. तीत क्रम आहे, आणि वरवर पाहता शास्त्रही आहे. तथापि एका इयत्तेतील मुले एकाच वाचनशक्तीची असतात, हे तिच्या मुळाशी असलेले गृहीत टिकणारे नाही. ग्रामीण भारतातील मुलांची वाचनक्षमता तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचावयास दिला जातो. पाचवीतील ज्या मुलांस तो वाचता आला, त्यांचे प्रमाण २०२२ साली ४२.८ टक्के व २०२४ साली ४८.८ टक्के होते. यास्तव ‘पाचवीची पुस्तके’ म्हणून वेगळा काढलेला कप्पा पाचवीतील अनेकांना बंदच राहतो, हे उघड आहे.

याच इयत्तानिष्ठ दृष्टीतून पहिलीसाठी जोडाक्षरविरहित पुस्तकांचा आग्रह निर्माण झाला. लिपीच्या सरावासाठी तो समर्थनीय आहे. कथेसाठी मात्र तो घातक ठरतो. या नियमाने रस्ता, दप्तर, सुट्टी हे मुलाच्या रोजच्या तोंडचे शब्द बाद होतात. इतकेच काय, ‘पुस्तक’ आणि ‘गोष्ट’ हे शब्दही बाद होतात! अडचण केवळ शब्दांची नाही, मराठीच्या विभक्तीची आहे. ‘चिमणीचे घर’ या नियमात बसते, ‘कावळ्याचे घर’ बसत नाही. माझ्या, त्याला, तिच्या ही रूपे वर्ज्य करावयाची म्हटल्यावर कोणाची वस्तू कोणाकडे गेली हे सांगणेच दुष्कर होते, आणि बालकथेतील बहुतेक भांडणे तर त्यावरूनच होतात. उरतात ती कमळ, बदक, मगर यांची तुटक वाक्ये. ती मूल वाचते, पण पुढे काय झाले हे विचारीत नाही. कारण पुढे काही झालेलेच नसते.

वस्तुतः येथे दोन मापे एकात मिसळली गेली आहेत. लिपीवरील प्रभुत्व हे एक माप. कथा समजण्याची, तीत रमण्याची शक्ती हे दुसरे. पहिलीतील मुलास अक्षरे येत नसली तरी घरी आजीच्या तोंडून त्याने लांबलचक कहाण्या ऐकलेल्या असतात. त्याच्यासाठी शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखविणे हाच मुख्य उपक्रम होय, आणि त्या वाचनात जोडाक्षरांचा अडसर नाही. उलट पाचवीतील अडखळत वाचणाऱ्या मुलास सोपे म्हणून शिशुवर्गाचे पुस्तक हाती देणे हा त्याच्या वयाचा अपमान आहे. त्याला हवे असते ते साहस, पण थोड्या शब्दांत. अशी पुस्तके मराठीत फार थोडी आहेत, आणि खरी उणीव ती आहे. ‘प्रथम बुक्स’ या २००४ साली स्थापन झालेल्या संस्थेने आपल्या पुस्तकांची विभागणी इयत्तेऐवजी वाचनाच्या चार पायऱ्यांत केली, हे योग्य दिशेचे पाऊल म्हटले पाहिजे. परंतु पहिल्या पायरीवरील पुस्तक दहा वर्षांच्या वाचकासही गोडी लावील काय, हा प्रश्न त्यानेही पुरता सुटत नाही.

म्हणून इयत्तेने पुस्तक ठरवू नये; फार तर वाचनाची रीत ठरवावी. खालच्या वर्गांत सामूहिक श्रवण व नाट्यीकरण, वरच्या वर्गांत निवडीचे स्वातंत्र्य आणि वाचलेल्याविषयी मोकळे बोलणे, एवढा भेद पुरेसा आहे. सारांशलेखनाविषयी मात्र स्पष्ट बोलणे अवश्य आहे. पुस्तकाचे नाव, लेखक व ‘बोध’ असे रकाने भरून घेण्याने तपासणीसाठी वही तयार होते, वाचक तयार होत नाही. बोधाचा रकाना भरावयाचा आहे हे ठाऊक असलेले मूल शेवटचे पान आधी उघडते.

शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके आणि कथापुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. त्यात पुस्तकांची इयत्तावार विभागणी सांगितलेली नाही. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे, हे रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयशास्त्राच्या सूत्रांत नमूद केले होते. पाचवीच्या मुलाने दुसरीच्या कप्प्यातून पुस्तक उचलले असता त्याला कोणी हटकणार नाही, एवढी व्यवस्था करण्यास नवा निधी लागत नाही. कपाटावरील इयत्तेच्या चिठ्ठ्या तेवढ्या काढाव्या लागतात.