जुने द्या, नवे घ्या : पण घेणारा कोण?

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस आमच्या गल्लीत बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचे बोचके. आई विटलेली लुगडी, वडिलांचे कॉलर झिजलेले सदरे पुढे टाकायची आणि स्टीलच्या एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस चालायची. "अजून एक सदरा टाका, वहिनी" म्हणत बोहारीण पातेले मागे ओढायची. शेवटी सौदा पटायचा. महिन्या-दोन महिन्यांनी आठवड्याच्या बाजारात तोच सदरा कोणा हमालाच्या अंगावर दिसायचा. या सौद्यात लाभ तिघांचा होता : पातेले मिळाले ती आई, चार पैसे सुटले ती बोहारीण, आणि सौद्याच्या वेळी हजर नसलेला तो तिसरा माणूस.

अमेरिकेच्या सरकारने २००९च्या उन्हाळ्यात असाच एक सौदा मांडला. जुनी, पेट्रोल पिणारी गाडी द्या, नव्या गाडीवर साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलरची सूट घ्या. फरक एवढाच, की तिथल्या बोहारणीवर अट होती : घेतलेले लुगडे गिऱ्हाइकाच्या अंगणातच जाळून टाकायचे. म्हणजे तिसरा माणूस सौद्यातून कायद्यानेच वजा केला होता. या लेखात मला त्या वजा झालेल्या माणसाबद्दल लिहायचे आहे.

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. अकरावीनंतर शिक्षण सुटले आणि पुढची बरीच वर्षे एका ट्रान्स्पोर्टच्या कचेरीत हिशेब लिहिण्यात गेली. इंग्रजी कायदे आणि अहवाल मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला शिकलो. अशा वाचनाचा एक फायदा असतो. शब्द ओळखीचा नसल्यामुळे तो नजरेखालून सरकत नाही, तिथे थांबावे लागते. कायदा हाही एक मजकूर असतो, आणि कवितेइतकाच तोही आपल्या शब्दांनी पकडला जातो, असे माझे मत झाले आहे.

या कायद्याचे नाव होते 'कन्झ्युमर असिस्टन्स टू रीसायकल अँड सेव्ह ॲक्ट'. आद्याक्षरे जुळवली की 'कार्स' होते. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २४ जून २००९ रोजी त्यावर सही केली. लोकांनी मात्र योजनेला 'कॅश फॉर क्लंकर्स' म्हटले, म्हणजे 'खटाऱ्याला रोकड'. सरकारी नावात तीन वजनदार शब्द आहेत : ग्राहक, पुनर्वापर आणि बचत. एकेक शब्द तपासून पाहू.

आधी 'बचत' घेऊ. मोडीत द्यायच्या गाडीचे मायलेज गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी हवे होते. आपल्या हिशेबाने हे लिटरला साधारण साडेसात किलोमीटर होते. नवी मोटार गॅलनला किमान २२ मैल देणारी हवी, म्हणजे लिटरला सव्वानऊ-साडेनऊ किलोमीटर. आपल्याकडे एवढ्या ॲव्हरेजची गाडी कोणी 'इंधन वाचवणारी' म्हणून विकायला काढली, तर लोक हसतील. चार मैलांचा फरक पडला तर ३,५०० डॉलर, दहा मैलांचा पडला तर ४,५००. मोठ्या पिकअप आणि व्हॅनला तर गॅलनमागे अवघ्या एका मैलाची सुधारणा पुरत होती, लिटरमागे अर्धा किलोमीटरही नाही. तरी लोकांनी कायद्याच्या किमान अपेक्षेपेक्षा बरे केले, हे मान्य केले पाहिजे. सरकारी आकडेवारीनुसार जमा झालेल्या गाड्यांची सरासरी १५.८ मैल होती, तर घेतलेल्या गाड्यांची २४.९. जमा होणाऱ्यांत फोर्ड एक्सप्लोरर आघाडीवर होती आणि विकत घेतलेल्यांत टोयोटा कोरोला.

पण इंधनाची बचत किती रुपयांना पडली, हा हिशेब वेगळा आहे. योजनेसाठी आधी १ अब्ज डॉलर ठेवले होते. ते काही दिवसांत संपले आणि काँग्रेसने आणखी २ अब्ज दिले. २४ ऑगस्टला योजना बंद झाली, तेव्हा पावणेसात लाखांहून अधिक गाड्या बदलल्या गेल्या होत्या आणि सुमारे २.८५ अब्ज डॉलर खर्ची पडले होते. शान्जुन ली, जोशुआ लिन आणि एलिशेबा स्पिलर या अभ्यासकांच्या मते योजनेने टाळलेला कार्बन डायऑक्साइड टनामागे ९२ ते २८८ डॉलरना पडला. हवा थोडी स्वच्छ झाली, पण फार महाग दराने.

आता 'पुनर्वापर'. कायद्यातला हा शब्द मला सर्वांत खटकला. विक्रेत्याने गाडी ताब्यात घेतली की इंजिनातले ऑइल काढायचे, त्याजागी सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतायचे आणि इंजिन चालू करायचे. उष्णतेने पाणी उडून जाते, सिलिकेट काचेसारखे घट्ट बसते आणि काही मिनिटांत इंजिन कायमचे सीझ होते. यामागचा तर्क समजतो : गाडी पुन्हा रस्त्यावर आली तर प्रदूषण थांबले कुठे? पण योजनेची अटच अशी होती, की गाडी चालू स्थितीत हवी आणि आधीचे वर्षभर विमा-नोंदणीसह त्याच मालकाकडे हवी. म्हणजे मेलेली गाडी चालणार नव्हती, जिवंतच आणायची होती. गॅरेजवाल्याला विचाराल तर जुन्या गाडीतला सर्वांत मोलाचा भाग इंजिन. तो मुद्दाम मारून उरलेल्या पत्र्याला 'पुनर्वापर' म्हणणे हे भाषेचे काम नव्हे, भाषेकडून करून घेतलेले काम आहे.

उरला 'ग्राहक'. मदत ग्राहकाला, हे ठीक. पण ग्राहक कोण? सूट फक्त नव्या गाडीवर होती. जो माणूस दोन-अडीच हजार डॉलरच्या गाडीवर कामाला जातो, त्याने साडेचार हजार मिळाले म्हणून पंधरा-सोळा हजारांची गाडी कशी घ्यायची? उरलेल्या रकमेसाठी कर्ज हवे, आणि २००९ हे साल बँकांनी हात आखडल्याचे होते. सलग वर्षभराच्या विम्याची अट तर सर्वांत गरिबाला दारातच अडवणारी. त्याच सुटीत आपल्यापेक्षा बरी, पाच-सात वर्षांची सेकंडहँड गाडी घ्यायची सोय असती तर तो आत आला असता. ती नव्हती. वर नव्या गाडीच्या किमतीची मर्यादा मात्र ४५,००० डॉलरपर्यंत उदार होती.

मग पैसे गेले कोणाला? मार्क होएक्स्ट्रा, स्टीव्हन पुलर आणि जेरेमी वेस्ट यांनी टेक्सासमधली खरेदी तपासली. त्यांच्या निष्कर्षानुसार सुमारे ६० टक्के सूट अशा कुटुंबांना गेली, जी त्या दोन महिन्यांत नाहीतरी नवी गाडी घेणारच होती. दुसरा निष्कर्ष आणखी बोलका आहे. मायलेजच्या अटीमुळे लोक छोट्या, स्वस्त गाड्यांकडे वळले, आणि पुढच्या काही महिन्यांचा हिशेब धरला तर नव्या गाड्यांवरचा एकूण खर्च वाढण्याऐवजी घटला. वाहन उद्योगाला हात देण्यासाठी आणलेल्या योजनेची ही गत. आतिफ मियाँ आणि अमीर सूफी यांनी शहराशहरांची तुलना केली. योजनेमुळे सुमारे ३ लाख ७० हजार जादा गाड्या खपल्या खऱ्या, पण मार्च २०१० येईतो ती वाढ जवळजवळ सगळी फिटली, कारण लोकांनी पुढची खरेदी आधी उरकली होती, एवढेच. २.८५ अब्जांना या जादा गाड्यांनी भागले, तर एका गाडीमागे सरकारचे ७,७०० डॉलर पडतात, आणि त्या गाड्याही फक्त काही महिने उसन्या आणलेल्या.

या टीकेला एक उत्तर आहे, आणि ते टाळणे प्रामाणिक होणार नाही. त्या उन्हाळ्यात क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेलेल्या होत्या. घराला आग लागली असताना पाणी मोजून ओतत नाहीत. शोरूम रिकामी झाली, कारखान्यांनी उत्पादन वाढवले, हे खरे. जुन्या गाड्या हटल्यामुळे वापरलेल्या गाड्यांचे भाव गगनाला भिडले, हा टीकाकारांचा लाडका आरोपही मला फार ताणलेला वाटतो. अमेरिकेतल्या २५ कोटींच्या आसपास वाहनांपैकी पावणेसात लाख म्हणजे पाव टक्क्याच्या थोडे वर. एवढ्याने अख्खा बाजार हलत नाही. माझा आक्षेप भावाबद्दल नाही. सरकारने वाटलेल्या पैशाचे दार कोणत्या उंचीवर बसवले, याबद्दल आहे.

त्याच वर्षी जर्मनीनेही असेच केले. नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढून नवी घ्या, २,५०० युरो मिळवा. दीड अब्ज युरोंची तरतूद वाढत ५ अब्जांवर गेली आणि सुमारे २० लाख गाड्या बदलल्या गेल्या. सरकारी नाव 'उमवेल्टप्रेमी', म्हणजे पर्यावरण-बक्षीस. मायलेजची अट मात्र नव्हती. लोक त्याला 'आबव्राकप्रेमी' म्हणू लागले, म्हणजे मोडतोडीचे बक्षीस, आणि जर्मन भाषा संस्थेने २००९ सालचा शब्द म्हणून हा लोकांचा शब्दच निवडला. सरकारने ठेवलेल्या नावावर जनतेने केलेली याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. १३ ऑगस्ट २०२१ रोजी आपले वाहन भंगार धोरण जाहीररीत्या सुरू झाले. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत दिली, तर नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के भंगारमोल, खासगी वाहनाला रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सूट, नोंदणी शुल्क माफ आणि कंपन्यांनी ५ टक्के सवलत द्यावी असा सल्ला. दुसरीकडे एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि तेवढ्याच जुन्या ट्रकच्या तंदुरुस्ती दाखल्याचे १,५००वरून १२,५००. हातात गाजर आणि पाठीशी छडी.

अमेरिकेच्या योजनेवर एवढे ताशेरे ओढल्यावर तिच्या दोन गोष्टींची मला इथे आठवण होते. तिथे सूट ठरावीक रकमेची होती. आपल्याकडे ती टक्क्यांत आहे. महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के रस्ताकर बसतो. सवलतीची कमाल मर्यादा लागू झाली असे धरू. सहा लाखांची गाडी घेणाऱ्याचे साडेसोळा हजार सुटतील, चोवीस लाखांची घेणाऱ्याचे अठ्ठ्याहत्तर हजार. जो जास्त खर्च करू शकतो, त्याला जास्त मदत. दुसरी गोष्ट, तिथे लंगडी का होईना, मायलेजची अट होती. आपल्याकडे सवलतीसाठी नव्या गाडीला तशी अट नाही. माझ्या दारातली जुनी मारुती ८०० अजून लिटरला १६-१७ किलोमीटर देते. ती मोडीत देऊन दहा-अकरा देणारी एसयूव्ही घेतली, तरी सवलत माझ्या खिशात येईल.

आपल्या धोरणात एक गोष्ट शहाणपणाची आहे. मोडीत दिल्याचे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येते. नवी गाडी न घेणाऱ्यालाही त्यातून चार पैसे सुटू शकतात. तिसऱ्या माणसासाठी एवढी एक फट उघडी राहिली आहे. ती दार व्हायला हवी.

हे होऊ शकते. कॅलिफोर्नियाने पुढे जी योजना आखली, तिच्यात मदत उत्पन्नावर ठरते. कमी मिळकतीच्या कुटुंबालाच ती मिळते, कमी धूर सोडणारी वापरलेली गाडीही त्यात घेता येते, आणि गाडीच नको असेल तर बस-रेल्वेच्या प्रवासासाठी पैसे घेण्याचा पर्यायही ठेवला आहे. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती. समोर कोण उभा आहे असे धरून कायदा लिहिला, याची होती.

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा आपण पुष्कळ हळवे लेख वाचले. माझ्या वाचनात आलेले बहुतेक लेख मागच्या सीटवर बसून लिहिलेले होते. पुढच्या सीटवरच्या माणसाने नवी गाडी कोणत्या व्याजाने घेतली, हा प्रश्न त्यांत सापडत नाही.

तो प्रश्न मला सुचतो, कारण आमचे घर तिसऱ्या हाताच्या गाडीवर उभे राहिले. १९८४ साली वडिलांनी एक मॅटाडोर टेम्पो घेतला. ते तिचे तिसरे मालक. तेरा वर्षे तिने सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहिली. ती धूर ओकायची, हे मी नाकारत नाही, आणि तो धूर आधी वडिलांच्याच छातीत गेला, हेही मला ठाऊक आहे. शेवटची वर्षे ते खोकतच गाडी चालवत होते. म्हणून जुनी गाडी तशीच राहू द्या, असे मी म्हणणार नाही. वडिलांना जुनी गाडी नकोच होती. त्यांना परवडणारी हवी होती.

पहिल्या मालकाने ती विकली तेव्हा कोणी इंजिनात काच ओतली असती, तर हवा तेवढी स्वच्छ झाली असती, पहिल्या मालकाला सूट मिळाली असती, आणि कारखान्याची एक नवी गाडी खपली असती. तिन्ही नोंदी सरकारी अहवालात आल्या असत्या. बहिणीचे डी.एड. झाले नसते, ही चौथी नोंद मात्र कोणत्याच रकान्यात बसली नसती.