पैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा मार्क्स

१८६० साली आजच्या तेलंगणातल्या निर्मलमध्ये गोंड नेते रामजी गोंड आणि त्यांच्या साथीदारांना वडाच्या झाडाला फाशी देण्यात आलं. गोंड आणि रोहिले निजाम-इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढले होते. मेलेल्यांचा आकडा लोकस्मृतीत हजार आहे, म्हणून तो ‘हजार फासांचा वड’. पुढे २० एप्रिल १९८१ रोजी, निर्मल तेव्हा ज्यात होतं त्याच आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्लीला जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी हिशेबात तेरा मृत्यू. गावोगावी सांगितला जाणारा आकडा त्याहून कितीतरी मोठा. त्यानंतर वर्षानुवर्षे त्या तारखेला स्मारकापाशी जमायलाही मनाई असे. आपल्या माणसांसाठी एकत्र येऊन रडायचीसुद्धा बंदी.

मार्क्सच्या वारशाबद्दल आज लिहायचं तर या दोन घटना समोर ठेवूनच लिहावं, असं मला वाटतं. कारण फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदाने १९९३ साली ‘स्पेक्टर्स ऑफ मार्क्स’मध्ये हाच विषय मांडला: जे मेले त्यांच्याशी जिवंतांचं देणंघेणं काय? सोव्हिएत संघ कोसळला होता, फ्रान्सिस फुकुयामाचं इतिहास संपल्याचं सांगणारं पुस्तक वर्षभरापूर्वीच आलं होतं. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या परिषदेत देरिदाने उलट बाजू घेतली. मार्क्सला पुरण्याची एवढी घाई होते, याचाच अर्थ तो अजून छळतो आहे. वारसा आयता हाती पडत नाही, तो निवडावा, गाळावा आणि त्याच्याशी भांडावं लागतं. कायद्याची विरचना (डीकन्स्ट्रक्शन) करता येते, न्यायाची नाही. हे पुस्तक देरिदाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये खून झालेले दक्षिण आफ्रिकेचे कम्युनिस्ट नेते ख्रिस हानी यांना अर्पण केलं.

बऱ्याच डाव्यांनी त्याचं स्वागत केलं नाही. टेरी ईगल्टनला त्यात मार्क्सवादाविना मार्क्सवाद दिसला. एजाज अहमद यांनीही संघटना, वर्ग आणि सत्ता यांचं काय, असा रोखठोक सवाल केला. हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. पक्ष नको, कार्यक्रम नको, फक्त वचन हवं, अशा राजकारणात इंद्रवेल्लीच्या शेतकऱ्याला त्याची जमीन परत मिळत नाही. त्याआधी १९८५ मध्ये लाक्लाऊ आणि मूफ यांनी वर्गाला केंद्रस्थानावरून हलवून लोकशाही आघाड्यांचं तत्त्वज्ञान मांडलं होतं. त्याचा बोलबाला मोठा झाला, पण माझ्या मते त्यातून भांडवलाचं विश्लेषण पातळ होत गेलं.

मराठीत काय झालं? विरचना आली ती प्रामुख्याने साहित्याच्या वर्गांत. कविता-कादंबरी वाचण्याची एक रीत म्हणून ती अभ्यासक्रमात बसली आणि तिथेच राहिली. मार्क्सवाद पक्षात, युनियनमध्ये आणि दलित चळवळीच्या वादांत राहिला. १९७२ साली स्थापन झालेली दलित पँथर दोनच वर्षांत फुटली, तेव्हा आंबेडकर की मार्क्स हाच वादाचा मुद्दा होता. रावसाहेब कसबे यांनी ‘आंबेडकर आणि मार्क्स’मध्ये त्या वादाला वैचारिक बैठक दिली. पण विरचना आणि मार्क्सवाद या दोन प्रवाहांची गाठ पडली नाही.

एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे: धुळ्याचे कॉ. शरद पाटील. जातीच्या प्रश्नावर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी मतभेद झाल्यावर १९७८ मध्ये त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि १९८२ मध्ये ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ लिहिलं. वर्ग, वर्ण-जात आणि स्त्रीदास्य यांतला एकही प्रवाह दुसऱ्यात विरघळत नाही, ही त्यांची बहुप्रवाही ऐतिहासिक भौतिकवादाची भूमिका. देरिदाने ज्याला वारशाशी भांडणं म्हटलं ते पाटलांनी दशकभर आधी करून दाखवलं होतं, तेही पक्ष उभारून, आदिवासी शेतमजुरांत राहून.

पुढे ते दिङ्नाग-धर्मकीर्तींच्या बौद्ध तर्कशास्त्राकडे वळले आणि सौत्रांतिक मार्क्सवादाची मांडणी करू लागले. इथे फार मोलाची शक्यता आहे. दिङ्नागाच्या अपोहवादात ‘गाय’ हा शब्द गायीचं सत्त्व सांगत नाही. जे गाय नाही ते बाजूला सारतो. अर्थ भेदातून निर्माण होतो, ही विरचनेच्या मुळाशी असलेली गोष्ट आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वी मांडली गेली होती. फरक एवढाच की दिङ्नाग शब्दापलीकडचं स्वलक्षण, म्हणजे प्रत्यक्ष वस्तू, सोडत नाही. भौतिकवाद्याला हेच हवं. पाटलांच्या व्युत्पत्ती कधी कधी पुराव्याला पेलणार नाही एवढं ओझं त्याच्यावर टाकतात, हे मान्य करूनही त्यांनी उघडलेली वाट खरी आहे.

ही वाट किती उपयोगी पडेल हे आदिलाबादेतच कळतं. १९७६ च्या कायद्याने तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या तेलंगणा भागातले लंबाडाही अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रात तोच बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो. दोन राज्यांच्या सीमेवरची पैनगंगा ओलांडली की माणसाचा प्रवर्ग बदलतो. महाराष्ट्रातून लंबाड्यांची आवक वाढली. जमीन, शाळा, नोकऱ्या यांवर ताण आला आणि २०१७ च्या अखेरीस गोंड-लंबाडा संघर्ष रस्त्यावर आला. २०२५ मध्ये निजामकालीन हैदराबाद गॅझेटच्या आधारे महाराष्ट्रातल्या बंजारांनी अनुसूचित जमातीची मागणी लावून धरली. दोन्ही बाजूंना गरीब माणसं आहेत. निव्वळ वर्गविश्लेषण इथे अडखळतं. आणि प्रवर्ग शासनाने घडवलेला आहे एवढंच सांगून थांबणारी विरचना गोंडांची गेलेली जमीन कुणाच्या नावावर चढली, हे विचारतच नाही. त्या नावांत मराठी नावंही आहेत. बाहेरून आलेल्या मराठी आणि तेलुगू शेतकऱ्यांकडे गोंडांची जमीन कशी गेली, हे मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फने तपशिलाने नोंदवलं आहे. मराठी विचारवंतांनी हा हिशेब आपला मानायला हवा.

आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. नांदेडचं विद्यापीठ तिथून दूर नाही. तिथल्या तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि मराठीच्या अभ्यासकांना माझं सांगणं आहे: देरिदा आणि शरद पाटील एकाच वर्गात, शेजारी ठेवून शिकवा. सोबत दोन्ही काठांवरचे जमिनीचे दस्तऐवज, म्हणजे इकडचे सातबारे आणि तिकडच्या पहाण्या, उघडा, गोंडी जाणणारी माणसं बरोबर घ्या. हे काम मराठीतच व्हायला हवं, आणि ते या पिढीने हाती घ्यावं.