जबडा पुनर्रचनेसाठी मोफत सॉफ्टवेअर : एक चिकित्सा (सुरत शहराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
सुरत हे हिऱ्यांचे व कापडाचे शहर आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. या श्रमिक वस्त्यांत तंबाखू व मावा यांचे व्यसन आढळते. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरीही मुखाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांमधील प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे. रोग हाडात शिरल्यास खालच्या जबड्याचा भाग काढावा लागतो. मग चावणे, बोलणे व चारचौघांत वावरणे कठीण होते. सदर लेखात अशा जबड्याच्या पुनर्रचनेचे नियोजन करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचा विचार केला आहे.

साधनांचे स्वरूप :
पायातील फिब्युला या बारीक हाडापासून जबडा घडविण्याची पद्धत अमेरिकेतील शल्यविशारद डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. सरळ हाडाला जबड्याचे वळण देण्यासाठी ते नेमक्या कोनांत कापून जोडावे लागते. सीटी स्कॅनवरून हे कोन आधीच ठरविता येतात आणि कापणीचे साचे त्रिमितीय छपाईने तयार करता येतात. त्यासाठी थ्रीडी स्लायसर (प्रारंभ १९९८, बोस्टन) व त्यावर चालणारे ‘बोन रिकन्स्ट्रक्शन प्लॅनर’ विनामूल्य उपलब्ध आहेत. ब्राझीलमध्ये तर सरकारी रुग्णालयांची गरज ओळखून २००१ मध्ये इन्व्हेसॅलियस या सॉफ्टवेअरचे काम सुरू झाले.

समीक्षा :
या साधनांचा पहिला गुण म्हणजे परवान्याचा खर्च वाचतो. दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. नियोजन बाहेरच्या कंपनीकडे न जाता शल्यविशारदाच्या हाती राहते. गाठ वाढली तर आराखडा त्याच दिवशी बदलता येतो.

परंतु ‘मोफत’ म्हणजे ‘जबाबदारीविना’ नव्हे. थ्रीडी स्लायसरचे निर्माते स्वतःच सांगतात की हे साधन संशोधनासाठी असून रुग्णोपचारासाठी मान्यताप्राप्त नाही. भारतातही १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय सॉफ्टवेअर उपकरणांच्या कायद्याखाली आले आहे. म्हणजेच चुकीची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. शिवाय आराखडा प्रामुख्याने हाडाचा असतो. रक्तवाहिन्या व त्वचा यांचा निर्णय शल्यविशारदालाच घ्यावा लागतो. साध्या छपाईतील पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, तर निर्जंतुकीकरण १२१ अंशांवर होते. असा साचा वाकला तर अचूक आराखडाही निरुपयोगी ठरतो.

निष्कर्ष :
सुरतेला नियोजनाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. येथे कच्चा हिरा स्कॅन करून, संगणकावर काप ठरवून मगच कापला जातो. मात्र हिरा चुकला तर पैशाचे नुकसान होते. येथे चूक झाली तर रुग्णाच्या पायाचे हाडही जाते व जबडाही उभा राहत नाही. म्हणून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६४) व सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९६१) यांसारख्या संस्थांतील डॉक्टर व अभियंत्यांनी एकत्र बसून प्रत्येक आराखडा तपासावा, साच्याची चाचणी घ्यावी आणि रुग्णाला त्याच्या भाषेत सर्व समजावून सांगावे. सॉफ्टवेअर मोफत मिळते. ते वापरणारा प्रशिक्षित माणूस मात्र संस्थेलाच घडवावा लागतो. हा खर्च टाळता येणार नाही.